आरशात स्वतःलाच बघताय?

खरं सांगा, गाडीत बसल्यावर मधल्या आरशात तुम्ही सगळ्यात आधी काय बघता? मी सांगते. केस. मग काजळ. सिग्नल मोठा असेल तर लिपस्टिक. आणि मुलांनो, हसू नका! जेल लावलेले केस बोटांनी सारखे करताना मी तुम्हाला रोज बघते.

तर गेल्या महिन्यातली गोष्ट. सकाळचे पावणेनऊ, नळस्टॉपचा सिग्नल, मी कोथरूडकडून येऊन डावीकडे लॉ कॉलेज रोडला वळणार. दहाला मीटिंग, त्यामुळे अर्थातच उशीर झालेला. पण नियम पाळणारी मुलगी मी. इंडिकेटर दिला, मधला आरसा बघितला, डावा आरसा बघितला. रस्ता मोकळा. स्टिअरिंग फिरवलं आणि 'ठक्' असा आवाज आला.

ॲक्टिव्हावर एक बाबा होते आणि मागे दप्तर पाठीला लावलेली सात-आठ वर्षांची मुलगी. माझ्या डाव्या दाराला त्यांचं हँडल लागलं, तोल गेला, गाडी आडवी. वेग कोणालाच नव्हता म्हणून निभावलं. मुलीचं कोपर खरचटलं आणि वॉटरबॅग माझ्या चाकाखाली गेली. चार माणसं जमली. मी शिव्या खायची तयारी करूनच खाली उतरले. पण त्या बाबांनी आवाजसुद्धा चढवला नाही. एवढंच विचारलं, "ताई, आम्ही दिसलो नाही का?"

"नाही दिसलात," मी म्हटलं. खरंच दिसले नव्हते. पण सबब म्हणून ते इतकं फालतू वाटत होतं, की नंतर दोन रात्री मला धड झोप लागली नाही. मी आरसा बघितला होता. मग आरशात नक्की काय बघितलं होतं?

दाराचं हँडल बघायला दोन आरसे?

त्या रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून नीट बघितलं. डाव्या आरशाचा जवळजवळ तिसरा हिस्सा माझ्याच गाडीने अडवलेला. माझं दार, माझं हँडल, माझा मागचा पत्रा. उजवीकडे तेच. उरलेल्या भागात काय, तर मागचा रस्ता. तोच रस्ता, जो मधल्या आरशात आधीच दिसत होता. म्हणजे तिन्ही आरसे मिळून मला एकच सिनेमा तीन पडद्यांवर दाखवत होते. आणि गाडीच्या दोन्ही मागच्या कोपऱ्यांना लागून जी जागा असते, ती कुठल्याच आरशात नव्हती.

यालाच म्हणतात ब्लाइंड स्पॉट. आरशात येत नाही आणि समोर बघताना डोळ्यांच्या कडेलाही येत नाही, असा पट्टा. तुमच्यापेक्षा ताशी 10 किलोमीटर जास्त वेगाने येणारी बाइक सेकंदाला जेमतेम पावणेतीन मीटर पुढे सरकते. म्हणजे चार-पाच मीटरचा पट्टा ओलांडायला तिला दीड-दोन सेकंद लागतात. तुम्ही आरशाकडे नजर टाकता ती अर्धा सेकंद. चुकामूक व्हायला आणखी काय हवं? आणि बाइक नेमकी तुमच्याच वेगाने चालली असेल, तर ती त्या पट्ट्यात मुक्कामच ठोकते. तुम्ही दहा वेळा आरसा बघा, दहाही वेळा रस्ता मोकळा!

पण आपण आरसे असे लावतो का? कारण कोणीतरी तसे लावून दिलेले असतात. ड्रायव्हिंग क्लासमध्ये मला सांगितलं होतं, "स्वतःची गाडी थोडी दिसली पाहिजे." का, ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

लिपस्टिकचा आरसा, रेसचा आरसा

गाडीच्या आरशाची सुरुवात कुठे झाली माहितीये? डोरोथी लेविट नावाची एक भन्नाट ब्रिटिश रेसिंग ड्रायव्हर होती. तिने 1909 साली गाडी चालवणाऱ्या बायकांसाठी पुस्तक लिहिलं, 'द वुमन अँड द कार'. त्यात तिचा सल्ला असा, की गाडीत छोटा हातातला आरसा ठेवा. तो फक्त चेहरा बघायला नाही, तर अधूनमधून वर धरून मागे काय चाललंय ते बघायलाही. पर्समधल्या आरशाचा यापेक्षा चांगला उपयोग मी तरी ऐकलेला नाही.

दोन वर्षांनी, 1911 मध्ये, इंडियानापोलिसची पहिली 500 मैलांची रेस झाली. बाकीच्यांच्या गाडीत मागे लक्ष ठेवायला शेजारी मेकॅनिक बसलेला. रे हॅरून एकटाच होता, म्हणून त्याने समोर आरसा बसवला आणि रेस जिंकली. गंमत म्हणजे पुढे त्यानेच कबूल केलं, की विटांच्या ट्रॅकवर तो आरसा इतका थरथरत होता की त्यात काहीच दिसत नव्हतं! थोडक्यात, आरसा आहे म्हणजे दिसतंय, हा गैरसमज आरशाइतकाच जुना.

यावरचा साधा उपाय जॉर्ज प्लॅट्झर या अमेरिकन इंजिनिअरने 1995 साली सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्सपुढे मांडला. खर्च शून्य. म्हणणं एवढंच, की बाजूचे आरसे आणखी बाहेर वळवा. मागचं बघायला मधला आरसा आहे. बाजूच्यांना बाजूचं बघू द्या.

दहा मिनिटांचं काम

अमेरिकेत स्टिअरिंग डावीकडे, आपल्याकडे उजवीकडे. म्हणून हे आपल्या हिशेबाने:

1. आधी सीट. रोज बसता तसे बसा. सीट पुढेमागे केली की आरशांचं गणित बदलतं, त्यामुळे सीट पहिली.

2. मधला आरसा असा लावा की मागची पूर्ण काच त्यात मावेल. तुमचा कान नको, मागच्या सीटवरचा टेडी नको. आरशाखाली रात्रीसाठीची खिट्टी असेल तर ती दिवसाच्या बाजूला ठेवा.

3. आता डोकं उजव्या खिडकीच्या काचेला जवळजवळ टेकवा. तसंच राहून उजवा आरसा बाहेर वळवत न्या. तुमच्या गाडीची कड आरशाच्या आतल्या बाजूला जेमतेम दिसेनाशी होईल, तिथे थांबा.

4. मग डोकं मध्ये आणा, दोन सीटच्या बरोबर मधोमध. तिथून डावा आरसा बाहेर वळवा. पुन्हा तेच, गाडीची कड जेमतेम जाईपर्यंत.

5. नीट सरळ बसा. दोन्ही आरशांत तुमची गाडी दिसणार नाही. घाबरू नका, ती तिथेच आहे.

काकांची टेस्ट

आमच्या सोसायटीत एक काका आहेत, एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. माझी ही मान वाकडी करून चाललेली कसरत ते पेपर वाचता वाचता बघत होते. शेवटी राहवलं नाही.

"स्वतःची गाडी दिसली नाही तर अंदाज कसा येणार गं?"

मी त्यांना सगळं सांगितलं. काका काही पटकन ऐकणाऱ्यांतले नाहीत. म्हणाले, "बघूया. आधी होते तसे लाव." मग ते गाडीच्या बऱ्याच मागे गेले आणि शेजारच्या लेनमधून बाइक येईल तेवढं अंतर सोडून उजव्या बाजूने पुढे चालत यायला लागले. मधल्या आरशात दिसले, मग उजव्या आरशात आले. आणि मग गायब!

"काका, कुठे आहात?"

"हा काय, इथेच आहे की!"

तीन-चार पावलं काका कुठेच नव्हते. सहा फुटांचा माणूस, पांढराशुभ्र लेंगा-झब्बा, सकाळचं लख्ख ऊन. तरी नव्हते.

मग नव्या पद्धतीने आरसे लावले. काका पुन्हा मागून आले. मधल्या आरशातून बाहेर पडायला लागले तोच उजव्या आरशात हजर. तिथून निसटायच्या आत डोळ्यांच्या कडेला खिडकीतून झब्बा दिसला. डावीकडून आले, तरी जवळजवळ तेच. एका आरशाने दुसऱ्याच्या हातात द्यावं, तसे काका पुढे आले.

काका गाडीत वाकून म्हणाले, "ठीक आहे. पण लक्षात ठेव, एसटीत आम्हाला मधल्या आरशाचा काही उपयोग नव्हता. सगळा कारभार बाहेरच्या आरशांवर. तुझी मागची काच झाकली, तर ही तुझी अमेरिकन विद्या बंद."

आणि काकांचा मुद्दा बरोबर आहे. हे सगळं मधल्या आरशाच्या जिवावर चालतं. गावाला जाताना डिकीपासून छतापर्यंत सामान भरलंत किंवा मागच्या सीटवर तीन धिप्पाड मित्र बसवलेत, की मधला आरसा आंधळा. तेव्हा बाजूचे आरसे थोडे आत घ्या, मागचा रस्ता त्यांच्यात दिसू द्या, आणि लेन बदलताना दुप्पट काळजी घ्या. मागच्या काचेला काळी फिल्म असेल तर तीही काढा. नियमाने पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के उजेड आरपार गेला पाहिजे, आणि वरून फिल्म चिकटवायला सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये मनाई केली होती.

पहिला आठवडा वैतागाचा

खोटं कशाला बोलू, पहिले चार दिवस मला चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. आरशात स्वतःची गाडी नाही म्हणजे घरातून किल्ली विसरून निघाल्यासारखं वाटतं. रिव्हर्स पार्किंगला तर फारच. त्यावर उपाय सोपा: मान थोडी आरशाकडे झुकवली की आपली गाडी परत दिसते. पाचव्या दिवशी सवय झाली.

बाकी दोन-तीन गोष्टी. बाहेर फुगीर असलेला आरसा जास्त जागा दाखवतो, पण त्यात गाड्या असतात त्यापेक्षा लांब वाटतात. 'अजून लांब आहे' असं वाटून घुसू नका. दुसरं, आपल्या शहरातल्या टू-व्हीलर इंचभर फटीतूनही येतात. त्यामुळे आरसे कितीही छान लावले तरी वळायच्या आधी एकदा मान वळवून खांद्यावरून बघायचंच. तुमच्या नव्या गाडीत ब्लाइंड स्पॉटचा कॅमेरा किंवा बीप असेल तर उत्तम. पण पावसात लेन्सवर चिखल उडाला की तोही माझ्यासारखाच, "नाही दिसलात" म्हणणार. आणि ट्रकच्या शेजारून जाताना एक साधी खूण: त्याच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही आहात.

गाडी थांबल्यावरही हा पट्टा संपत नाही. रस्त्याच्या कडेला गाडी लावून उजवं दार धाडकन उघडणारे आपण सगळेच. दार उजव्या हाताऐवजी डाव्या हाताने उघडून बघा. अंग आपोआप उजवीकडे वळतं, आरसा दिसतो, मागून येणारा सायकलवाला दिसतो. सायकलींच्या देशाच्या नावाने याला 'डच रीच' म्हणतात, आणि ब्रिटनने 2022 मध्ये आपल्या हायवे कोडमध्ये ते घातलंय. आपल्याला कोडची वाट बघायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र मला राहून राहून वाटते. कॉलेजपासून नोकरीच्या तिसऱ्या वर्षापर्यंत मी स्कूटीवरच होते. तेव्हा कारवाल्यांना मनातल्या मनात रोज शिव्या घालायचे. "दिसत नाही का यांना?" नव्हतंच दिसत. त्या आंधळ्या पट्ट्यात मी आठ वर्षं काढली आणि कारमध्ये बसल्यावर वर्षभरात ती जागा असते हेच विसरले. आरसे आपल्या गाडीवर लावले की असंच होतं.

परवा पुन्हा तोच सिग्नल, तीच घाई. इंडिकेटर दिला. मधल्या आरशात एक स्कूटर दिसली, मग ती डाव्या आरशात आली, मग खिडकीत. मागे बसलेल्या शाळकरी मुलाच्या दप्तरावर स्पायडरमॅन होता, तोसुद्धा दिसला. मी थांबले. ते गेले. मागच्या गाडीने हॉर्न वाजवून माझा उद्धार केला. करू दे.

तर मंडळी, या रविवारी मॉलच्या आधी दहा मिनिटं पार्किंगमध्ये काढा. एखादे काका पकडा, नसतील तर मित्राला पकडा आणि गाडीच्या दोन्ही बाजूंनी चालायला लावा. तो जिथे गायब होईल, तिथे उद्या सकाळी कोणीतरी मुलीला शाळेत सोडायला निघालेलं असेल.

आणि हो, लिपस्टिक घरूनच लावून निघा!