देवमाशाखालची पार्टी

शनिवारची सकाळ, आल्याचा चहा आणि इनबॉक्समध्ये एक मेल. विषय : 'ख्रिसमस पार्टी कमिटी, पहिली मीटिंग'. महिना कुठला म्हणाल? ऑगस्ट!

हसू नका. लंडनमध्ये चारशे माणसांना डिसेंबरातल्या गुरुवारची संध्याकाळ हवी असेल तर ऑगस्टमध्येसुद्धा उशीरच झाला म्हणायचा. आपल्याकडे लग्नसराईत कार्यालयं मिळत नाहीत, तशीच गत. 'तारीख आहे पण हॉल नाही' आणि 'हॉल आहे पण तारीख सोमवारची' हे दोन्ही संवाद मी इथे शुद्ध इंग्रजीत ऐकलेत.

गेल्या वर्षी मी या कमिटीत होतो. यंदाही नाव घातलंय. उत्तर पाठवायच्या आधी डोक्यातलं सगळं इथे ओततो, कारण एवढी लांब मेल हापिसात कोणी वाचत नाही. तुम्ही वाचता. :)

तर, इथल्या ऑफिस पार्टीचं पहिलं भांडण असतं जागेवरून. हॉटेलचा बँक्वेट हॉल म्हटलं की लोक तोंडं वाकडी करतात. जागा 'हटके' हवी. आणि या बाबतीत लंडन श्रीमंत आहे. थेम्सच्या काठावर ओल्ड बिलिंग्जगेट नावाची इमारत आहे, 1870च्या दशकातली. हॉरेस जोन्स या वास्तुरचनाकाराने बांधलेला मासळीबाजार. टॉवर ब्रिजचा आराखडाही त्याचाच. 1982 साली मासळीवाले तिथून हलले आणि आता जिथे बोंबलाचे इंग्लिश चुलतभाऊ विकले जायचे तिथे कंपन्यांची माणसं ग्लास घेऊन उभी असतात. कॉव्हेंट गार्डनला फुलबाजाराच्या जुन्या इमारतीत ट्रान्सपोर्ट म्युझियम आहे. तिथे जुन्या लाल बसगाड्यांच्या मधे पार्टी करता येते. एचएमएस बेलफास्ट ही दुसऱ्या महायुद्धातली क्रूझर नदीत नांगरून ठेवली आहे, तिच्यावरही करता येते. बोट आम्ही लगेच बाद केली. आमच्या टीममधली एक सहकारी व्हीलचेअर वापरते आणि युद्धनौकेतल्या उभ्या शिड्या काही तिला विचारून बसवलेल्या नाहीत.

शेवटी ठरलं नॅचरल हिस्टरी म्युझियम. 1881 सालची इमारत, मधला हॉल एखाद्या कॅथेड्रलसारखा आणि वर छतापासून लटकलेला निळ्या देवमाशाचा सांगाडा. सव्वीसेक पावलं, म्हणजे 25.2 मीटर लांब. 1891 साली आयर्लंडमधल्या वेक्सफर्डच्या किनाऱ्यावर तो वाहून आला होता. 2017 साली त्याला या हॉलमध्ये टांगलं आणि 'होप' असं नाव दिलं. त्याआधी 1979 पासून तिथे 'डिप्पी' हा डायनासोर होता. (तो खरा नव्हे, प्लास्टरचा.) संध्याकाळी 5:50 ला म्युझियम लोकांसाठी बंद होतं. त्यानंतर दिवे, बार, डीजे, जेवणाची टेबलं आत येतात आणि सकाळी शाळेची पोरं येईपर्यंत सगळं पुन्हा जागच्या जागी. प्रॉडक्शन रिलीज काय असतं ते या लोकांकडून शिकावं. रोलबॅकसकट!

जागा ठरली की दुसरं भांडण पैशांचं. इथे एक गंमत आहे आणि ती प्रोग्रामर मंडळींना आवडेल.

ब्रिटनमध्ये कंपनीने कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा पार्टी दिली तर माणशी 150 पौंडांपर्यंत त्यावर कर नाही. ही मर्यादा 2003 साली 75 वरून 150 झाली आणि तेव्हापासून तिथेच आहे. महागाई कुठे गेली ते सोडा. अट अशी की पार्टी सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी खुली हवी, आणि 150 म्हणजे व्हॅट, टॅक्सी, सगळं धरून. पण खरी मेख पुढे आहे. माणशी खर्च 151 झाला तर एका पौंडावर कर बसत नाही. बसतो अख्ख्या 151 वर. सरळ कडाच. एक पाऊल चुकलं की खाली.

आता भागाकार बघा. भागायचं ते किती जणांना बोलावलं त्याने नव्हे, तर किती जण आले त्याने. आमचा एकूण खर्च गोळाबेरीज 58,000 पौंड. बोलावलेले 420. माणशी 138. कमिटी खूश. पण गुरुवारी रात्री नाईट ट्यूब नसते. ती फक्त शुक्रवार आणि शनिवारची. शुक्रवारी बरेच जण घरून काम करतात म्हणून पार्टी गुरुवारी आणि पार्टी गुरुवारी म्हणून शेवटची गाडी पकडायची धांदल. कोणाचं बाळ तान्हं, कोणाला सर्दी, कोणाला नुसताच कंटाळा. आले 378. 58,000 भागिले 378, किती? 153 आणि थोडे वर. कड्यावरून खाली!

म्हणजे न आलेल्या माणसाने पार्टी महाग केली. त्या 42 जणांचं जेवण शिजलं होतं, पैसे दिले होते, फक्त खाणारं तोंड नव्हतं. कर कंपनीने भरला, अकाउंट्सवाल्यांनी जानेवारीभर आमच्याकडे रागाने पाहिलं.

इथपर्यंत हा किस्सा मी चार लोकांत हसत सांगतो. पुढचा भाग आत्तापर्यंत कोणाला सांगितलेला नाही.

निमंत्रितांची यादी मी बनवली होती. पेरोल सिस्टीममधून एक एक्सपोर्ट, डुप्लिकेट काढले, सोडलेल्या लोकांची नावं गाळली, झालं. वीस मिनिटांचं काम. अभिमानही वाटला थोडा.

पार्टीच्या दिवशी चारच्या सुमाराला, बाहेर अंधार पडलेला, लोक वॉशरूममध्ये टाय बांधतायत, बूट बदलतायत. माझ्या पलीकडच्या डेस्कवर लातूरचा एक मुलगा बसतो. आठ महिन्यांपूर्वी ऑनसाईट आला. आमच्या व्हेंडर कंपनीचा. त्याने विचारलं, "दादा, आज सगळे लवकर निघताय का? रात्री रिलीज आहे, काही अडलं तर कोणाला फोन करू?"

मी म्हटलं, "मला कर."

त्याला बोलावलेलं नाही हे मला त्या क्षणी कळलं. आपल्या पेरोलवर तो नाही, म्हणजे माझ्या एक्सपोर्टमध्ये नाही. रोज माझ्याबरोबर डबा खातो पण यादीत नाही. तेव्हाच म्हणायला हवं होतं, 'चल, मी बोलतो, तूही ये.' नाही म्हटलं. ऐन वेळी गेटवर नावं असतात, कोणाकोणाला विचारायचं, उशीर होतोय, वगैरे. माणसाला न करायचं असलं की कारणं फार सुबक सुचतात.

रात्री सव्वानऊला त्याचा फोन आला. मी बरोबर देवमाशाच्या खाली उभा होतो. डेटाबेसचं काहीतरी लॉक झालं होतं. एका कानात बोट घालून मी त्याला सांगत होतो काय काय बघ ते. पाच मिनिटांत सुटलं. मग तो म्हणाला, "दादा, मागे गाणी कसली चालू आहेत?"

मी म्हणालो, "बाहेर आहे रे जरा."

खोटं नाही म्हणा ते. पण खरंही नाही.

आणि मला हे सगळ्यात आधी कळायला हवं होतं. 2007 च्या डिसेंबरात त्या डेस्कवर मी होतो. दुसरी कंपनी, दुसरा क्लायंट. दुपारी तीनला अख्खा फ्लोअर रिकामा झाला आणि आम्ही पाच जण, सगळे ऑनसाईटवाले, मॉनिटरच्या उजेडात बसून राहिलो. जाताना एकीने तिच्या टेबलावरचा चॉकलेटचा डबा आमच्याकडे सरकवला आणि 'एन्जॉय' म्हणाली. ती बिचारी मनाने चांगलीच होती. पण तो डबा आम्ही कोणी उघडला नाही. त्या रात्री मी ठरवलं होतं की आपण कधी असं वागायचं नाही. माणूस ठरवतो ते लक्षात ठेवतो असं मात्र नाही.

डिकन्सचं 'अ ख्रिसमस कॅरोल' 1843 सालचं. स्क्रूज नावाचा कवडीचुंबक म्हातारा सगळ्यांना ठाऊक असतो. त्याचा तरुणपणीचा मालक, फेझीविग, मात्र लोक विसरतात. इंग्रजी साहित्यातली ऑफिस ख्रिसमस पार्टी म्हटली की मला तोच आठवतो. त्याची जागा कुठली होती? स्वतःचं गोदाम! नाताळच्या आदल्या संध्याकाळी खिडक्यांच्या फळ्या लावल्या, सामान बाजूला सारलं, शेकोटी पेटवली, एक फिडलवाला बोलावला, की झाला हॉल. आणि यादी बघा. घरातली मोलकरीण, तिच्याबरोबर बेकरीवाला. स्वयंपाकीणबाई, तिच्याबरोबर दूधवाला. आणि समोरच्या घरातला एक मुलगा, ज्याचा मालक त्याला पोटभर खायला देत नाही असा संशय आहे. म्हणजे दुसऱ्याच्या पेरोलवरचा! शेवटी फेझीविग नवरा-बायको दाराच्या दोन बाजूंना उभे राहतात आणि जाणाऱ्या प्रत्येकाशी हात मिळवतात. खर्च? तीन-चार पौंड.

हे वाचताना मला भोसरी आठवते. बाबा ज्या वर्कशॉपमध्ये होते तिथे खंडेनवमीला लेथ मशीन धुवून पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूचे हार घालून सजायच्या. आम्ही पोरं नवे कपडे घालून जायचो. पेढ्याचा बॉक्स घेऊन मालक स्वतः फिरायचे, आणि हमाल, झाडूवाल्या मावशी, समोरच्या टपरीवरचा चहावाला पोऱ्या, कोणी सुटायचं नाही. मालक फार थोर होते असं नाही. बोनसला दरवर्षी रडायचे. पण त्या दिवशी 'हा आपला नाही' असं कोणाला वाटू द्यायचं नाही एवढं त्यांना कळायचं.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल नुसता भावनेत वाहवला. एचआरवाले म्हणतात, कॉन्ट्रॅक्टरला पार्टीला बोलावलं तर तो कर्मचाऱ्यासारखाच दिसतो आणि कर खात्यापुढे आपली बाजू लंगडी पडते. याला आधार आहे. आयआर35 हा नियम त्यासाठीच आहे आणि 2021 च्या एप्रिलपासून मोठ्या खाजगी कंपन्यांना कॉन्ट्रॅक्टरचा दर्जा स्वतः ठरवावा लागतो. पण हा नियम आहे तो बहुतेक स्वतःची छोटी कंपनी काढून काम करणाऱ्यांसाठी. लातूरच्या मुलाला त्याच्या कंपनीची रीतसर पगाराची स्लिप मिळते. रिसेप्शनवरच्या बाईंना, रात्रीच्या गार्डला, सफाईवाल्यांनाही त्यांच्या त्यांच्या एजन्सीची मिळते. आणि जो खरोखर एकटा कॉन्ट्रॅक्टर आहे, त्याचाही दर्जा एका ताटावर ठरत नाही. काम कोण सांगतं, बदली माणूस देता येतो का, अशा दहा गोष्टी मिळून ठरतो.

दुसरा आक्षेप जबाबदारीचा. तो खरा आहे. 2018 साली इथल्या अपील कोर्टाने एका ख्रिसमस पार्टीनंतरच्या मारहाणीसाठी कंपनीला जबाबदार धरलं. आणि 26 ऑक्टोबर 2024 पासून लैंगिक छळ होऊ नये म्हणून आधीच पावलं उचलणं मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. पण यावर उपाय काय? दारू थोडी आवरा, जेवण लवकर वाढा, कमिटीतले दोन जण शुद्धीत ठेवा. पाहुणे कमी करणं हा उपाय नव्हे. गोंधळ घालणारे आत्तापर्यंत तरी यादीतलेच निघालेत.

तिसरा आक्षेप पैशांचा. त्याचं उत्तर वरच्या भागाकारातच आहे. आमच्या मजल्यावर यादीबाहेरचे 38 जण होते. ते आले असते तर 42 जणांचं वाया गेलेलं जेवण त्यांनीच संपवलं असतं. 58,000 भागिले 416 म्हणजे माणशी 139. कडा टळला असता.

यंदा मीटिंगमध्ये मी हेच गणित मांडणार आहे. अकाउंट्सवाले मान डोलावतील, ठराव पास होईल. पण खरं सांगू? याची थोडी लाजही वाटते. माणसाला जेवायला बोलावण्यासाठी आधी तो कर वाचवतो हे सिद्ध करावं लागावं!

तर माझं उत्तर थोडक्यात असं जाईल. यादी पेरोलवरून काढू नका, दाराच्या ॲक्सेस कार्डवरून काढा. जो या इमारतीत रोज येतो, तो आपला. त्या दिवशी रिलीज ठेवू नका. ठेवायचाच असेल तर सपोर्टला कमिटीवाला बसेल. यंदा मी बसेन. पार्टी दुपारी बाराला सुरू करा, म्हणजे ट्यूबही मिळेल आणि पोरंबाळंवाले येतील. आणि यात बजेट बसत नसेल तर देवमासा सोडून द्या. आपलं कॅन्टीन आहे, टेबलं बाजूला सारता येतात.

लातूरच्या मुलाला अजून काही बोललो नाहीये. सोमवारी डबा खाताना सांगेन, त्या रात्रीच्या गाण्यांबद्दलसुद्धा.

असो. चहा गार झाला. मेल पाठवतो.