दुसऱ्या खुर्चीवर कोण?

नाशिकला स्वतःचा व्यावसायिक फुटबॉल क्लब नाही. पण फुटबॉलवर तावातावाने बोलणाऱ्यांची इथे मुळीच वाण नाही. कॉलेज रोडवरचा चहा असो की गंगापूर रोडवरचा कट्टा, रविवारी सकाळी आदल्या रात्रीच्या सामन्याचा पंचनामा चाललेला असतो. कोणी मुंबई सिटीचा, कोणी गोव्याचा, कोणी थेट मँचेस्टरचा. आमच्या घरातही चिरंजीव आणि पुतण्या असे दोन पक्ष आहेत आणि जेवणाच्या पानावर मला अधूनमधून पंच व्हावे लागते.

एखाद्या क्लबाने परदेशी प्रशिक्षक नेमला म्हणून आता कोणी फारसे चकित होत नाही. वाद पेटतो तो या साहेबांनी आपला सहायकही परदेशातूनच आणला की. "मुख्य माणूस बाहेरचा, हे एक वेळ समजू. पण एवढ्या मोठ्या देशात त्याच्या हाताखालीही कोणी मिळेना?" असे एक पक्ष म्हणतो. "मोठा गवई मैफलीला येतो तेव्हा तबलजी आपल्याबरोबर आणतोच ना? त्याला तुम्ही गावातला तबलजी घे म्हणून सांगता का?" असे दुसरा पक्ष बजावतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण मैफलीतला तिसरा माणूस दोघेही विसरतात. गवयाच्या मागे तानपुरा घेऊन शिष्य बसलेला असतो. तो साथ करतो, ऐकतो आणि पुढे एक दिवस त्याच्या जागी गायला बसतो. माझ्या मते खरा प्रश्न त्या तानपुऱ्याच्या जागेचा आहे.

सहायक प्रशिक्षक नेमके करतो काय, हे घरातल्या सर्वांना ठाऊक असेलच असे नाही. कोण खेळणार आणि कोण बाहेर बसणार, हे मुख्य प्रशिक्षक ठरवतो. त्या निर्णयापर्यंत नेणारी बरीचशी मेहनत सहायकाची असते. रोजचा सराव उभा करणे, प्रतिस्पर्ध्याच्या सामन्यांच्या चित्रफिती पाहून त्याच्या बचावातली भगदाडे शोधणे, कॉर्नर आणि फ्री किकच्या चाली घोटवून घेणे, आणि ज्याला वगळले त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवणे. मिझोरामचा, केरळचा आणि गोव्याचा मुलगा एकाच संघात असतो; साहेबाचे बोलणे त्या प्रत्येकाच्या गळी उतरवायचे कामही त्याचेच. थोडक्यात, ही खुर्ची म्हणजे पुढच्या मुख्य प्रशिक्षकाची शाळा. इंडियन सुपर लीगमध्ये प्रत्येक क्लबाने एक भारतीय सहायक ठेवावा असा दंडक आला, तो याच विचाराने.

मग या शाळेतून उत्तीर्ण झालेल्यांचे पुढे काय होते? शेजारच्या गोव्यातले क्लिफर्ड मिरांडा यांचे उदाहरण पाहा. भारताकडून खेळलेला हा मधल्या फळीतला खेळाडू निवृत्तीनंतर एफसी गोवाच्या प्रशिक्षकवर्गात आला. ३१ जानेवारी २०२० रोजी क्लबाने स्पॅनिश प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना निरोप दिला आणि साखळीतले उरलेले सामने हंगामी म्हणून मिरांडांकडे सोपवले. गोवा ३९ गुणांसह साखळीत अव्वल ठरले आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळण्याचा मान मिळवणारा पहिला भारतीय क्लब झाले. पुढच्या मोसमात मुख्य प्रशिक्षक कोण? स्पेनचे हुआन फेरान्दो. मिरांडा पुन्हा सहायक.

२०२३ मध्ये ओडिशात तोच प्रयोग नव्या संचात झाला. तिथे मिरांडा स्पॅनिश जोसेप गोम्बाव यांचे सहायक होते. गोम्बाव गेले, मिरांडा हंगामी झाले आणि एप्रिलमध्ये कोझिकोडला बेंगळुरूला २-१ ने हरवून ओडिशाने सुपर कप जिंकला. नव्या मोसमासाठी क्लबाने आणले कोणाला? लोबेरा यांनाच! मिरांडा कोलकात्याला मोहन बागानमध्ये गेले, फेरान्दो यांचे सहायक म्हणून. लोबेरा लहान प्रशिक्षक नव्हेत. २०२०-२१ मध्ये मुंबई सिटीला साखळी आणि चषक असे दोन्ही मुकुट त्यांनीच मिळवून दिले. पण दोनदा परीक्षा उत्तीर्ण होऊनही ज्याला त्याच वर्गात बसवले जाते, त्याला पाहून मागच्या बाकावरच्या मुलांनी काय बोध घ्यावा?

याच्या उलट बाजूही सांगितली पाहिजे. २०२१ च्या जानेवारीत नॉर्थईस्ट युनायटेडने स्पॅनिश जेरार्ड नुस यांना काढले आणि त्यांचे सहायक खालिद जमील यांच्या हाती संघ दिला. जमील यांनी तो बाद फेरीत नेला आणि त्याच वर्षी ते या लीगमधले पहिले कायम भारतीय मुख्य प्रशिक्षक झाले. १ ऑगस्ट २०२५ रोजी त्यांच्याकडे भारतीय संघच आला. मुंबईच्या मैदानांवर खेळलेला आणि मुंबई एफसीला सात वर्षे सांभाळलेला हा माणूस. सुरुवातच झकास झाली: मध्य आशियातल्या स्पर्धेत ताजिकिस्तानवर विजय, ओमानला पेनल्टींवर नमवून तिसरा क्रमांक. पण ऑक्टोबरात गोव्यात सिंगापूरने २-१ ने हरवले आणि २०२७ च्या आशियाई चषकाचे दार बंद झाले. स्वदेशी म्हणजे जादूची कांडी नव्हे, हेही यातून दिसले.

तसा आपला इतिहास दोन्ही बाजूंना पुरावा पुरवतो. १९५१ आणि १९६२ ची एशियाड सुवर्णपदके आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधला चौथा क्रमांक, हे सारे हैदराबादच्या सय्यद अब्दुल रहीम या शिक्षकाच्या हाताखाली घडले. १९६४ मध्ये आशियाई चषकात भारत उपविजेता ठरला, तेव्हा प्रशिक्षक होते इंग्लंडचे हॅरी राइट. बाहेरच्या माणसाकडून शिकण्यात कमीपणा कसला? क्रिकेटमध्येही जॉन राइट आणि गॅरी कर्स्टन यांना आपण डोक्यावर घेतलेच की.

परदेशी माणसाकडून शिकायचे कसे, हे जपानने दाखवले. १९९२ मध्ये जपानने हॉलंडचे हान्स ऑफ्ट यांच्याकडे राष्ट्रीय संघ दिला. ऑफ्ट यांनी फारसे नाव नसलेल्या हाजिमे मोरियासू या खेळाडूला संघात घेतले. ऑफ्ट दुसऱ्याच वर्षी गेले. मोरियासू टिकले, क्लबात प्रशिक्षक झाले, २०१८ च्या विश्वचषकात अकिरा निशिनो यांच्या हाताखाली राष्ट्रीय संघाचे सहायक होते आणि त्यानंतर मुख्य. २०२२ मध्ये कतारला त्यांच्या संघाने जर्मनी आणि स्पेन या दोघांनाही हरवले. इंग्लंडमध्ये २००१ साली स्वीडनचे एरिक्सन आले, तेव्हा टोर्ड ग्रिप हा सहायकही त्यांनी मायदेशातूनच आणला. पण प्रशिक्षकवर्गात स्टीव्ह मॅक्लारेन हा इंग्रजही बसला आणि २००६ मध्ये वारसा त्याच्याकडे आला. तो त्याला पेलला नाही, हा भाग वेगळा. तिथे जर्मनीचे टुखेल नेमले गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर अँथनी बॅरी हा इंग्रज सहायक होता. म्हणजे गवई आपला तबलजी आणू शकतो. पण तानपुऱ्यावर घरचा कोणी हवा, हे शहाणे क्लब आणि शहाणे देश विसरत नाहीत.

नाशिककरांना तर हे सांगायला लांब जायला नको. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझू एशियाडमध्ये रौप्यपदक घेऊन आली. त्या काळात राष्ट्रीय शिबिरात बेलारूसचे निकोलाय स्नेसारेव्ह लांब पल्ल्याच्या धावपटूंना शिकवत होते. त्यांचा वाटा कोणी नाकारू नये. पण आदिवासी पाड्यावरची ही पोर हेरून तिला धावपटू म्हणून घडवले ते नाशिकमध्ये विजेंदर सिंग यांनी. पाया इथला नसता, तर बाहेरच्या कारागिराने कळस कशावर चढवला असता?

आणि आता आपल्या शहराची ती गोष्ट, जिच्यामुळे हा सारा वाद उलटा होऊन आपल्यासमोर उभा राहतो. शैलजा जैन यांनी नाशिकमध्ये वर्षानुवर्षे मुलींना कबड्डी शिकवली. भारतीय महिला संघाच्या प्रशिक्षकपदासाठी आपला विचार झाला नाही, ही खंत त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवली आहे. निवृत्तीनंतर बोलावणे आले ते इराणकडून. भाषा वेगळी, पोषाखाचे नियम वेगळे, आहार वेगळा. शैलजाताईंनी फारसी शिकायला घेतली, सरावात योगासने आणि प्राणायाम आणला. इराणचा संघ मुळात कच्चा नव्हता. २०१४ च्या एशियाडमध्ये त्याने अंतिम फेरी गाठून भारताकडून हार खाल्ली होती. २४ ऑगस्ट २०१८ रोजी जकार्तात पुन्हा तेच दोन संघ समोरासमोर आले आणि इराणने २७-२४ असा विजय मिळवला. २०१० आणि २०१४ ची सुवर्णपदके जिंकलेला भारतीय संघ हरला, आणि हरवणाऱ्या संघाच्या बाजूला उभ्या होत्या आपल्या नाशिकच्या बाई!

त्या दिवशी हसावे की रडावे, हे इथल्या पुष्कळांना कळले नसेल; मला तरी कळले नव्हते. पण तेहरानमध्ये त्यांच्या नेमणुकीवर कोणा चाहत्याने "आपल्या देशात कोणी नाही का?" असे विचारले असते, तर आपण काय म्हटले असते? विद्येला देश नसतो, असेच ना? मग हाच न्याय आपल्याकडे येणाऱ्या स्पॅनिश किंवा इंग्रज माणसालाही लावला पाहिजे. त्याचबरोबर ज्या विद्येसाठी इराणने नाशिकचे दार ठोठावले, तिला घरात पहिली खुर्ची का मिळाली नाही, हा प्रश्नही विचारला पाहिजे. परदेशी सहायकावर चिडण्यापेक्षा तो विचारणे अधिक अवघड आहे, कारण त्याचे उत्तर आपल्यालाच द्यायचे आहे.

कारण पाहुणा आज ना उद्या जाणारच. फेरान्दो २०२१ च्या डिसेंबरात मोसमाच्या मध्यावर गोवा सोडून कोलकात्याला गेले आणि क्लबाची घडी पुन्हा बसवायला धावले ते गोव्याचेच डेरिक परेरा. प्रशिक्षक जातात, मालकही जातात. परदेशी मालकांच्या ज्या समूहाने २०१९ मध्ये मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला होता, तो २०२५ च्या अखेरीस बाहेर पडला. त्याच वर्षी जुलैमध्ये लीगचा पुढचा मोसमच अनिश्चित काळासाठी थांबवण्यात आला होता. अशा पडझडीत जे काही उरते ते इथल्या माणसांच्या अंगी मुरलेले असते.

म्हणून पुढच्या रविवारी कट्ट्यावर वाद रंगला, तर फुटबॉलवेड्या मित्रांनी आपल्या क्लबाला तीन प्रश्न विचारावेत. परदेशी साहेबाच्या शेजारी बसणारा भारतीय सहायक संघनिवडीच्या चर्चेत असतो, की फक्त शंकू मांडायला आणि दुभाष्या म्हणून असतो? साहेबाच्या करारात, त्याला शिकवण्याची जबाबदारी लिहिलेली आहे का? आणि साहेब गेल्यावर त्या सहायकाचा विचार पहिल्या खुर्चीसाठी होणार, की तो पुन्हा नव्या साहेबाच्या बॅगा उचलणार? या तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील, तर साहेबाने आपल्याबरोबर आणखी दोन माणसे आणली तरी बिघडत नाही. ती नसतील, तर सहायक भारतीय आहे एवढ्यावर खूश होण्यातही अर्थ नाही.

नाशिकच्या कितीतरी शाळांमध्ये आजही संध्याकाळी एखादे क्रीडाशिक्षक गळ्यात शिट्टी अडकवून मुलांना पळवत असतात. त्यांच्यातला कोणी उद्या मोठ्या क्लबाच्या दुसऱ्या खुर्चीपर्यंत पोचेल. तिथून पुढे जायला वाट आहे, हे त्याला आजच दिसले पाहिजे. नाहीतर तोही कुठल्या तरी परक्या देशाचे बोलावणे येण्याची वाट पाहत बसेल.