‘कोशेर’ आणि आमचा ‘हलाल’

शब्दांनाही नशीब असते. ‘कोशेर’ मूळचा हिब्रू. अर्थ : योग्य, रास्त. बायबलातील एस्तेरच्या पुस्तकात तो येतो तो ताटासाठी नव्हे. राजाला गोष्ट रास्त वाटावी, एवढ्याच अर्थाने. पुढे तो यहुद्यांच्या आहारनियमांना चिकटला : डुक्कर नको, रक्त नको, मांस आणि दूध एकत्र नको. इंग्रजीत गेल्यावर मात्र तो पुन्हा ताटाबाहेर पडला. तिथे ‘हा व्यवहार कोशेर नाही’ म्हणजे त्यात काहीतरी काळेबेरे आहे.

आणि आमचा ‘हलाल’? मराठीत ‘हलाल करणे’ म्हणजे छळून मारणे!

याचा दोष केवळ इतरांना देऊन आम्ही सुटणार नाही. कुरआनने (2:168) ‘हलाल’शेजारी ‘तय्यब’, म्हणजे निर्मळ, हा शब्द ठेवला. आम्ही दोघांनाही खाटकाच्या पाटीत कोंडले. हलाल मटणासाठी दुसऱ्या मोहल्ल्यात जाणारे आम्ही, खिशातला पैसा लाचेचा आहे की बहिणीच्या बुडवलेल्या वाट्याचा, हे कधी विचारतो?

कोकणातल्या बेने इस्रायलींना गाव ‘शनवार तेली’ म्हणे. का? शब्बाथ म्हणून शनिवारी त्यांचा घाणा बंद. त्यांच्या चुलीवर काय शिजते हे गावाने पाहिले नसेल. पण एका दिवसाच्या कमाईवर सोडलेले पाणी पाहिले. त्यांचा धर्म गिऱ्हाइकाला धंद्यात दिसला.

आमचा कुठे दिसतो? फक्त बिर्याणीच्या हंडीत?