विश्लेषण : हंगामपूर्व चाचणीत सेकंद पाहायचे की फेऱ्या मोजायच्या?

फॉर्म्युला वनचा हंगाम सुरू होण्याआधी चाचणीच्या दिवसांत रोज संध्याकाळी एक तक्ता येतो. सर्वांत वेगवान फेरी कोणाची, त्याच्या मागे कोण, फरक किती सेकंदांचा. मोबाइलवर तेवढेच फिरते आणि त्यावरून यंदाचा विजेताही ठरवला जातो. त्याच तक्त्याच्या कडेला आणखी एक रकाना असतो. दिवसभरात त्या गाडीने किती फेऱ्या पूर्ण केल्या, हे तो सांगतो. इंजिनाचे नियम बदलले तेव्हा खरी बातमी या दुर्लक्षित रकान्यातच होती.

सेकंदांवर विश्वास का ठेवू नये?

शनिवारच्या पात्रता फेरीत प्रत्येक जण आपल्याकडचे सगळे पणाला लावतो. चाचणीत तसे काही बंधन नसते. टाकीत इंधन किती भरले, इंजिन किती ताकदीवर चालवले, हे कोणताही संघ सांगत नाही. साधारण हिशेब असा की १० किलो जास्त इंधन म्हणजे फेरीमागे सुमारे ०.३ सेकंदांचे नुकसान. म्हणजे ५० किलो जादा घेऊन धावणारी गाडी तक्त्यात दीड सेकंद मागे दिसते, आणि दीड सेकंद म्हणजे या खेळात पहिल्या आणि शेवटच्या रांगेतले अंतर. काही संघ मुद्दाम वेग लपवतात, तर प्रायोजकांना खूश करायचे असेल तर काही जण टाकी जवळपास रिकामी ठेवून एखादी झगमगीत फेरी मारून घेतात. २०१९ मध्ये बार्सिलोनातील चाचणीनंतर फेरारी पुढे आहे, असे बहुतेक जाणकार सांगत होते. प्रत्यक्षात पहिल्या आठही शर्यती मर्सिडीजने जिंकल्या.

फेऱ्यांचा आकडा मात्र फुगवता येत नाही. गाडी धावली तरच तो वाढतो. धावताना हवेचा प्रवाह मोजला जातो, टायर किती झिजतात ते कळते, आणि इंजिन, बॅटरी, गिअरबॉक्स एकत्र तापल्यावर काय होते हेही पहिल्यांदाच समजते. गाडी गॅरेजमध्ये उभी असेल तर यातले काहीच होत नाही. चाचणीत प्रत्येक संघाला एका वेळी एकच गाडी चालवता येते, त्यामुळे दुसरी गाडी काढून दिवस भरून काढण्याचीही सोय नाही.

२०१४ मध्ये हेरेझला काय घडले?

त्या वर्षी २.४ लिटरची व्ही-८ इंजिने गेली आणि १.६ लिटरची टर्बो व्ही-६ आली. सोबत दोन विद्युत यंत्रणाही आल्या. एक ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा साठवते आणि नंतर १२० किलोवॅटपर्यंत चाकांना परत देते. दुसरी टर्बोच्या दांड्याला जोडलेली असून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंपासून वीज बनवते. या दुसऱ्या यंत्रणेला मिनिटाला सव्वा लाख फेऱ्यांपर्यंत फिरण्याची मुभा होती. शिवाय पूर्ण शर्यत १०० किलो इंधनात संपवायची होती. इतके सारे एकाच वर्षी बदलल्यावर कोणाचे तरी बिनसणार, हे उघडच होते.

जानेवारीच्या अखेरीस स्पेनमधील हेरेझ येथे चार दिवसांची पहिली चाचणी झाली. रेड बुल हा सलग चार वर्षे विजेता ठरलेला संघ, सेबॅस्टियन व्हेटेल सलग चार वेळचा जगज्जेता. या संघाच्या गाडीने चार दिवसांत मिळून २१ फेऱ्या मारल्या. रेनोच्या इंजिनाशी जोडलेल्या बॅटरी संचात आणि नियंत्रण प्रणालीत बिघाड होते. त्यात रेड बुलने हवेच्या फायद्यासाठी गाडीचा मागचा भाग इतका आवळून बांधला होता की उष्णता बाहेर पडायला वाटच उरली नव्हती. शेवटच्या दिवशी संघाने वेळेआधीच गाशा गुंडाळला. त्याच चार दिवसांत मर्सिडीज संघाने ३०९ फेऱ्या पूर्ण केल्या, आणि तेही पहिल्याच दिवशी पुढचा पंख निखळून लुईस हॅमिल्टनची गाडी आदळलेली असताना.

पुढे बहारीनमध्ये आणखी दोन चाचण्या झाल्या, रेड बुलने थोडे सावरले. पण हंगाम संपला तेव्हा १९ पैकी १६ शर्यती मर्सिडीजच्या खात्यात होत्या. व्हेटेलला वर्षभरात एकही विजय मिळाला नाही. भारतीय मालकीच्या फोर्स इंडियाकडेही मर्सिडीजचेच इंजिन होते. बहारीनच्या शर्यतीत सर्जिओ पेरेझने त्या संघाला तिसरे स्थान मिळवून दिले आणि वर्षाअखेरीस संघ सहावा आला. मालकांच्या आर्थिक कहाण्या वेगळ्या, पण इंजिनाची निवड चुकली नव्हती.

अर्थात मर्सिडीजही अभेद्य नव्हती. मेलबर्नच्या पहिल्याच शर्यतीत अव्वल स्थानावरून निघालेला हॅमिल्टन दोन-तीन फेऱ्यांत बाहेर पडला, कारण एक सिलिंडर पेटत नव्हता. दोष निघाला स्पार्क प्लगभोवतीच्या रबरी आवरणात. कोट्यवधींच्या यंत्राला एखादा क्षुल्लक रबराचा तुकडा बसवू शकतो, म्हणून तर इतक्या फेऱ्या मारायच्या.

कारखान्यात इंजिन तपासता येत नाही का?

येते, आणि महिनोन्‌महिने तपासले जाते. चाचणी-बाकावर म्हणजे डायनोवर इंजिन बसवून संपूर्ण शर्यतीचे अंतर चालवले जाते. पण बाक जमिनीला घट्ट रोवलेला असतो, गाडी तशी नसते. याचा धडा होंडाला २०१७ मध्ये मिळाला. त्या वर्षी मॅकलॅरेनसाठी बनवलेल्या नव्या इंजिनात पहिल्याच दिवशी तेलाच्या टाकीचा प्रश्न निघाला. जोरदार वळणांत आणि ब्रेक लावताना टाकीतले तेल ज्या रीतीने हेलकावे खाते, ते कारखान्यातल्या बाकावर दिसलेच नव्हते. त्यानंतर कंपने आली. बाकावरच्या जाडजूड, वजनदार दांड्याने जी थरथर गिळून टाकली होती, ती गाडीच्या हलक्या गिअरबॉक्सने गिळली नाही. बार्सिलोनातील आठ दिवसांत मॅकलॅरेनच्या ४२५ फेऱ्या झाल्या, मर्सिडीजच्या १,०९६.

होंडाची गोष्ट तेव्हा काही नवी नव्हती. मॅकलॅरेन आणि होंडा ही जोडी १९८०-९० च्या दशकांत आयर्टन सेना आणि अलेन प्रोस्ट यांच्यामुळे दंतकथा झालेली. २०१५ मध्ये ती पुन्हा जमली, पण बाकीच्यांपेक्षा एक वर्ष उशिरा. आधीच्या नोव्हेंबरात अबू धाबीला दोन दिवसांच्या चाचणीत त्यांच्या प्रायोगिक गाडीने पाच फेऱ्या मारल्या. फेब्रुवारीत हेरेझला पहिल्या दिवशी फर्नांडो अलोन्सोच्या सहा, दुसऱ्या दिवशी जेन्सन बटनच्याही सहा, चार दिवसांत मिळून ७९. दोघेही माजी जगज्जेते, आणि दोघेही दिवसाचा बहुतेक वेळ गॅरेजमध्ये उभे. गाडी जितकी बारीक तितकी चांगली, या हट्टापायी इंजिनही अगदी आटोपशीर करायला लावले होते. टर्बोचा कॉम्प्रेसर सिलिंडरांच्या दोन रांगांमधल्या खोबणीत बसवलेला. जागा नाही म्हणून टर्बो लहान, टर्बो लहान म्हणून वीज कमी, आणि सगळेच दाटीवाटीत असल्याने उष्णता जास्त. मेलबर्नला केव्हिन मॅग्नुसनचे इंजिन सुरुवातीच्या रांगेपर्यंतही पोहोचले नाही. बटनने शर्यत पूर्ण केली, पण पूर्ण करणाऱ्यांत शेवटचा, अकरावा.

मग नियमांचा यात काय संबंध?

इथेच खरी मेख आहे. पूर्वी हंगाम चालू असतानाही संघ हवी तितकी चाचणी करू शकत. फेरारीकडे तर फिओरानोचा स्वतःचा ट्रॅक कारखान्याला लागूनच होता आणि मायकेल शूमाकर तिथे दिवसच्या दिवस गाडी फिरवत असे. २००८ च्या मंदीनंतर खर्च कमी करण्यासाठी २००९ पासून हंगामातील मुक्त चाचण्या बंद झाल्या. (त्याच मंदीत होंडाने संघ सोडून दिला होता आणि त्याच संघाने ब्रॉन नावाने २००९ चे जगज्जेतेपद पटकावले, हा नियतीचा वेगळाच विनोद.) पुढे हंगामपूर्व दिवसही आटत गेले. २०१५ मध्ये १२ दिवस, २०१६ ते २०१९ मध्ये ८, २०२० मध्ये ६ आणि २०२१ मध्ये अवघे ३.

दुसरीकडे इंजिनांवर रेशनिंग आले. २०१४ मध्ये प्रत्येक चालकाला वर्षाला पाच संच, २०१५ मध्ये चार, २०१८ मध्ये मुख्य इंजिनासाठी फक्त तीन. त्याहून जास्त वापरले की शर्यतीच्या सुरुवातीच्या रांगेत मागे ढकलले जाण्याची शिक्षा. शिवाय वर्षभरात इंजिनात किती सुधारणा करायच्या यावरही २०१६ पर्यंत टोकन पद्धतीचे बंधन होते.

ही बंधने एकेकटी पाहिली तर समजण्याजोगी आहेत. श्रीमंत संघाने पैशाच्या जोरावर इंजिनांचा ढीग लावू नये, हे योग्यच. पण तिन्ही बंधने एकत्र आली की ज्याचे इंजिन बिघडते, त्याला ते दुरुस्त करायला ट्रॅक मिळत नाही, नवा भाग बसवला तर शिक्षा होते, आणि आराखडा बदलायचा तर टोकन संपलेले असतात. पुढे असलेल्याला यातल्या कशाचाच काच होत नाही. खर्च वाचवण्यासाठी केलेला नियम आघाडी गोठवून ठेवण्याचा नियम होऊन बसतो. मर्सिडीजने २०१४ पासून सलग आठ वेळा संघांचे जगज्जेतेपद मिळवले. त्यात त्यांचे कौशल्य निर्विवाद, पण पाठलाग करणाऱ्यांचे पाय नियमांनी बांधले होते हेही तितकेच खरे.

याची परिसीमा २०१५ मध्ये बेल्जियममध्ये झाली. मॅकलॅरेनच्या दोन गाड्यांना नवे भाग बसवल्याबद्दल मिळून १०५ स्थानांची शिक्षा झाली. बटनला ५०, अलोन्सोला ५५. रांगेत एकूण गाड्या होत्या २०. या हिशेबाने दोघांनी शर्यत शेजारच्या गावातून सुरू करायला हवी होती. इंजिन बनवले कारखान्याने, मागे गेला तो चालक. तिशीच्या मध्यावरचा, अजूनही सर्वोत्तमांत गणला जाणारा अलोन्सो मागच्या रांगांत तीन वर्षे अडकला. २०१७ मध्ये त्याने मोनॅकोची शर्यत सोडून अमेरिकेत इंडियानापोलिस ५०० मध्ये भाग घेतला, तिथे काही काळ आघाडीही घेतली, आणि २१ फेऱ्या उरल्या असताना इंजिन बंद पडले. तेही होंडाचेच.

होंडा यातून बाहेर कशी पडली?

सप्टेंबर २०१७ मध्ये मॅकलॅरेनने होंडाशी फारकत जाहीर केली. होंडाला रेड बुलच्या धाकट्या संघाने, टोरो रोसोने जवळ केले. यातली चतुराई अशी की टोरो रोसो तशीही विजेतेपदाच्या शर्यतीत नव्हता. दहा-पंधरा स्थानांची शिक्षा झाली तरी फारसे बिघडत नव्हते. त्यामुळे नवे भाग बिनधास्त बसवता आले. जी चाचणी नियमांनी बंद केली होती, ती प्रत्यक्ष शर्यतींत करून घेतली गेली. टर्बोच्या दांड्याची थरथर सोडवायला होंडाच्या विमान-इंजिन विभागातील अभियंत्यांची मदत झाली. २०१८ च्या हंगामपूर्व चाचणीत टोरो रोसोने आठशेहून अधिक फेऱ्या मारल्या. सर्वांत कमी फेऱ्या होत्या मॅकलॅरेनच्या, नव्या रेनो इंजिनासह. त्यामुळे आधीचा सगळा दोष होंडाचाच होता का, हा प्रश्न तेव्हा अनेकांना पहिल्यांदा पडला.

त्याच वर्षी बहारीनला पिएर गॅसली चौथा आला. २०१९ मध्ये होंडा रेड बुलकडे गेली आणि ऑस्ट्रियात मॅक्स व्हर्स्टापेन जिंकला. होंडाचा २००६ नंतरचा तो पहिला विजय. २०२१ मध्ये व्हर्स्टापेन जगज्जेता झाला. २०२३ मध्ये २२ पैकी २१ शर्यती रेड बुलने जिंकल्या. पण याला दोन संघांची सोय असलेला मालक लागला. एकच संघ असलेल्या नवख्या उत्पादकाला ही वाट उपलब्ध नाही.

भरपूर फेऱ्या म्हणजे हमखास यश?

नाही. २०२२ मध्ये चाचणीत रेड बुलची कोणी चिंता करत नव्हते. बहारीनच्या पहिल्या शर्यतीत शेवटच्या काही फेऱ्यांत इंधन पुरवठा अडला आणि दोन्ही गाड्या बाद झाल्या. तरीही वर्षाअखेरीस जगज्जेता व्हर्स्टापेनच होता. फेऱ्यांचा रकाना कोण जिंकेल हे सांगत नाही. कोणाला काम सुरूच करता आलेले नाही, एवढे मात्र तो नेमके सांगतो.

२०२६ मध्ये पुन्हा तोच प्रश्न का?

कारण २०१४ नंतरचा इंजिनातला सर्वांत मोठा बदल २०२६ चा आहे. टर्बोच्या दांड्यावरची, सर्वांत जास्त छळलेली विद्युत यंत्रणा नियमांतून काढली. पण चाकांना ताकद देणाऱ्या मोटरची क्षमता १२० वरून ३५० किलोवॅटवर नेली, म्हणजे जवळपास निम्मी ताकद विजेची. इंधन पूर्णपणे शाश्वत स्रोतांतून आलेले. ऑडी नवी उत्पादक, रेड बुलने फोर्डच्या साथीने स्वतःचा इंजिन कारखाना उभारला, होंडा ॲस्टन मार्टिनकडे गेली, रेनोने इंजिन बनवणे थांबवले.

नियमकर्त्यांनी मागच्या वेळेपासून काहीतरी घेतले, असे म्हणता येते. मागे पडलेल्या उत्पादकाला सुधारणेची जादा संधी देणारी तरतूद नियमांत आली. २०२३ ते २०२५ मध्ये तीन दिवसांवर आलेली चाचणीही वाढवून एक बार्सिलोनाला आणि दोन बहारीनला, अशी तीन टप्प्यांत ठेवण्यात आली. त्यातली बार्सिलोनाची पहिली चाचणी मात्र प्रेक्षक आणि पत्रकार यांना प्रवेश न देता घेण्याचे ठरले. हेरेझला रेड बुलची बंद पडलेली गाडी साऱ्या जगाने पाहिली होती.