इंग्रजी हवीच, पण ती शिकवणार कशी?

महाराष्ट्र सरकारने २००० साली मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी सुरू केली. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. या निर्णयावर मोठे वादळ उठले. मराठी मरणार, संस्कृती बुडणार, अशी हाकाटी झाली. हाकाटी करणाऱ्यांपैकी कित्येकांची मुले-नातवंडे मात्र इंग्रजी शाळांत शिकत होती, हे बहुजन समाज पुरते ओळखून होता. आज त्या निर्णयाला पंचवीस वर्षे उलटली आहेत. तेव्हा पहिलीत बसलेली मुले आता तिशीत आली. त्यांच्यापैकी किती जणांना इंग्रजीत साधा अर्ज लिहिता येतो? मुलाखतीत चार वाक्ये न अडखळता किती जण बोलू शकतात? वस्तीतल्या कोणत्याही तरुणाला विचारा, उत्तर मिळेल. दहा-दहा वर्षे इंग्रजीचा तास बसूनही इंग्रजी येत नसेल तर त्या तासाला चालते तरी काय?

‘यांच्या घरातच शिक्षण नाही,’ असे म्हणून व्यवस्था हात झटकते. हा जुनाच कावा आहे. विहिरीवर पाणी भरू द्यायचे नाही आणि वर तहानलेल्याला नावे ठेवायची! आमच्या मुलांच्या डोक्यात खोट नाही. खोट आहे ती शिकवण्याच्या पद्धतीत.

इंग्रजी हवी की नको, हा प्रश्न आमच्या चळवळीने केव्हाच निकालात काढला आहे. सावित्रीबाईंनी १८५४ च्या ‘काव्यफुले’ या संग्रहातच इंग्रजी शिकण्याची हाक दिली होती. चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हटले. पण ते दूध पिढ्यान्‌पिढ्या प्याले कोण, हे सांगायला नको. बाबासाहेब त्याच भाषेच्या बळावर कोलंबिया आणि लंडनपर्यंत गेले आणि जगाच्या दरबारात आमची कैफियत मांडून आले. तेव्हा इंग्रजी हवीच. प्रश्न आहे तो ती कशी शिकवायची याचा. या प्रश्नाकडे चळवळीने म्हणावे तितके लक्ष दिलेले नाही.

वर्गात काय चालते ते पाहू. गुरुजी धडा वाचतात, ओळीखाली मराठी अर्थ सांगतात, प्रश्नांची उत्तरे फळ्यावर लिहितात. मुले ती उतरवून घेतात, घोकतात, परीक्षेत ओकतात. ही जुनी व्याकरण-भाषांतर पद्धती, तीही अर्धीमुर्धी. स्वातंत्र्यानंतर वाक्यरचना पद्धती आली. एक साचा घ्यायचा, ‘धिस इज अ पेन’, ‘दॅट इज अ बुक’, आणि साऱ्या वर्गाकडून तो पन्नास वेळा वदवून घ्यायचा. सवयीने भाषा येते, असे त्यामागचे तत्त्व होते. पण समोर पेन दिसत असताना ‘हे पेन आहे’ असे जगात कोण कोणाला सांगतो? ज्या बोलण्याला काही काम नाही, ते बोलणे मूल तासाबरोबर विसरून जाते.

याहून वेगळा विचार आपल्याच उपखंडात शंभर वर्षांपूर्वी झाला होता. मायकेल वेस्ट हे शिक्षणाधिकारी ढाक्यात काम करीत होते. त्यांनी १९२६ च्या पुस्तकात एक मार्मिक प्रश्न विचारला. विम्याची पॉलिसी मध्येच मोडली तर काही रक्कम हाती येते. तसे जे मूल शाळा मध्येच सोडते, त्याच्या हाती इंग्रजीचे काय उरते? म्हणून त्यांनी आधी वाचन शिकवा असा आग्रह धरला आणि मोजक्या शब्दांची सोपी, रंजक पुस्तके तयार केली. हा प्रश्न आजही आमच्याच मुलांचा आहे. आठवी-नववीत ज्यांची शाळा सुटते, ती मुले ऊसतोडीच्या, वीटभट्टीच्या, नाक्यावरच्या कामाला जातात. त्यांच्या हाती आज फक्त पाठ केलेली आणि विसरलेली उत्तरे उरतात.

दुसरा प्रयोग दक्षिणेत झाला. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळूर, मद्रासकडच्या साध्या शाळांत इंग्रजी शिकवताना व्याकरणाचे धडेच बाजूला ठेवले. मुलांपुढे रेल्वेचे वेळापत्रक ठेवायचे, नकाशा ठेवायचा. अमुक गावाहून सकाळी निघायचे आणि दुपारपर्यंत पोचायचे, तर कोणती गाडी धरावी? आधी शिक्षक सर्वांना बरोबर घेऊन एक कोडे सोडवीत, मग तसलेच दुसरे मुले स्वतः सोडवीत. डोके उत्तर शोधण्यात गुंतलेले असताना भाषा आपोआप वापरात येई. बाहेरच्या तज्ज्ञांनी या मुलांची परीक्षा घेतली तेव्हा निकाल एकंदरीत त्यांच्या बाजूने लागला. काही मर्यादाही नोंदवल्या गेल्या. पुढे प्रभूंनीच लिहिले की सर्वोत्तम अशी एकच पद्धत नसते. मात्र मुलाच्या विचारशक्तीला काम दिले की भाषा रुजते, हा धडा त्या प्रयोगाने दिला. त्यासाठी संगणक लागला नाही, एसी वर्ग लागला नाही. लागला तो मुलांवर विश्वास ठेवणारा शिक्षक!

स्टीफन क्रॅशन या अमेरिकन भाषातज्ज्ञाची मांडणीही आम्हाला महत्त्वाची वाटते. समजेल अशी, आपल्या पातळीच्या जराशी वरची भाषा भरपूर कानावर आणि डोळ्यांवर पडली की ती येते, असे ते म्हणतात. आणि मनात भीती, लाज, न्यूनगंड असेल तर तीच भाषा आत शिरत नाही, मध्ये जणू गाळणी बसते, हेही ते सांगतात. मेरिल स्वेन यांनी कॅनडातल्या अनुभवावरून पुढे दाखवले की नुसते ऐकून पुरत नाही, बोलायची आणि लिहायची संधीही मिळावी लागते.

आता ही गाळणी आमच्या वर्गात कोण बसवते, याचा विचार करा. उच्चार चुकला की वर्ग हसतो. आडनाव ऐकून ज्याचा चेहरा बदलतो, तो शिक्षक शेवटच्या बाकावरच्या मुलाला प्रश्नच विचारत नाही. ज्याला चुकण्याची मुभा नाही त्याला भाषा येणार कशी? उच्चभ्रू घरातले मूल घरी शंभर चुका करते आणि शाळेत बिनचूक बोलते. आमच्या मुलाला चुकायला जागा एकच, वर्ग. आणि तिथेच त्याची टिंगल होते. म्हणून शिकवण्याच्या पद्धतीचा प्रश्न हा जातीचाही प्रश्न आहे.

यावर उपाय म्हणून आमचे बांधव पोटाला चिमटा काढून गल्लीतल्या ‘इंग्लिश मीडियम’ शाळेची फी भरतात. त्यांची तळमळ आम्ही जाणतो. पण टाय-बूट घातलेली घोकंपट्टी ही घोकंपट्टीच असते. जिम कमिन्स या अभ्यासकाने दाखवले आहे की परक्या भाषेत गप्पांपुरते बोलणे दोनेक वर्षांत जमते. पण त्या भाषेतून विज्ञान, इतिहास समजून घ्यायला पाच ते सात वर्षे लागतात. आणि मातृभाषेत पक्के झालेले आकलन दुसऱ्या भाषेत उपयोगी पडते. म्हणजे मराठी ही इंग्रजीची वैरीण नाही. मात्र २०२० च्या शैक्षणिक धोरणाचा हवाला देऊन कोणी आमच्या मुलांना फक्त मातृभाषेचे डोस पाजणार असेल आणि सरकारी शाळेतली इंग्रजी आहे तशीच कच्ची ठेवणार असेल, तर ती फसवणूक आहे.

उत्तर प्रदेशात लखीमपूर खिरी जिल्ह्यातील बांका गावी २०१० साली चंद्रभान प्रसाद यांच्या पुढाकाराने ‘इंग्रजी देवी’च्या मंदिराची पायाभरणी झाली. त्यामागची भावना आम्हाला समजते. पण बाबासाहेबांच्या अनुयायांनी इंग्रजीची आरती करू नये. ती हत्यार आहे, रोज परजावे लागते.

सुभेदार रामजींनी ते कसे परजले? त्यांनी भीमरावाकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके तोंडपाठ करून घेतली, तर्खडकरांच्या भाषांतरमालेचे पाठ करून घेतले. पद्धत जुनीच होती. पण बाप स्वतः शेजारी बसत होता, आणि पुस्तकांसाठी लेकींचे दागिने गहाण पडत होते. कोणतीही पद्धत घ्या; शेजारी बसणारे माणूस आणि हाती पुस्तक नसेल तर ती कागदावरच राहते.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. जिल्हा परिषद, पालिका आणि आश्रमशाळांतल्या शिक्षकांना आधी स्वतः इंग्रजी बोलण्या-वाचण्याचे सलग प्रशिक्षण द्या. दोन दिवसांच्या शिबिराने काही होत नाही. प्रत्येक वर्गात सोप्या इंग्रजी गोष्टींची पेटी द्या. परीक्षेत पाठ उत्तरांऐवजी न पाहिलेला उतारा आणि स्वतःचे लेखन तपासा. शाळा व्यवस्थापन समितीवर असलेल्या आमच्या पालकांनी हे प्रश्न बैठकीत विचारावेत.

आणि सरकारची वाट पाहत बसू नका. जयंतीच्या वर्गणीतला काही भाग डीजेऐवजी पुस्तकांना द्या. बुद्धविहारात आठवड्यातून दोन संध्याकाळी इंग्रजी वाचनाचा वर्ग भरवा. शिकलेल्या तरुण-तरुणींनी शेजारी बसावे, मुलांनी मोठ्याने वाचावे, चुकावे, पुन्हा वाचावे. एकच नियम असावा : चुकणाऱ्याला कोणी हसायचे नाही. ‘शिका’ हा बाबासाहेबांचा आदेश मुलांनी तर पाळायचाच आहे. मुलांना शिकता येईल अशी जागा उभी करून तो आपणही पाळायचा आहे.