एसी कॅबिनचा पहिला उन्हाळा

गाड्यांची परीक्षणं मी न चुकता वाचतो, हे या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे. मोटारींची वाचतो, फटफटींची वाचतो, ट्रॅक्टरचीही सोडत नाही. या आठवड्यात एका नव्या ट्रकचं परीक्षण वाचलं आणि मनापासून राग आला. लिहिणाऱ्यानं गाडी रिकामी चालवली होती, तीही आखून दिलेल्या मोकळ्या रस्त्यावर, सकाळच्या गारव्यात. डॅशबोर्डचं प्लॅस्टिक, सीटचं कापड, मोबाइल ठेवायचा खण, सगळ्याला गुण देऊन झाले होते. मागे वीस-बावीस टन माल भरून ही गाडी जो माणूस नेणार, तिच्यातच जेवणार, तिच्यातच झोपणार, त्याला कुणी काही विचारलेलंच नव्हतं.

विषय तसा महत्त्वाचा आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या एन-२ आणि एन-३ गटांतल्या, म्हणजे मालासकट एकूण वजन साडेतीन टनांहून जास्त असलेल्या सगळ्या ट्रकना वातानुकूलित कॅबिन सक्तीची झाली. अधिसूचना डिसेंबर २०२३ मध्ये निघाली होती. नितीन गडकरी मंत्री झाल्यापासून हा आग्रह धरून होते आणि खर्च वाढेल म्हणून त्याला विरोधही होत होता. ड्रायव्हरला एसी दिला तर तो झोपेल, असंही म्हणणारे लोक मी ऐकले आहेत. त्यांच्यातला एकही जण मे महिन्यात बिनाएसीच्या मोटारीतून जळगावला जाणारा नव्हता. असो. नियम झाला, चांगला झाला, आणि नव्या गाड्यांचा हा पहिला उन्हाळा आहे.

म्हणून धुळ्याच्या पुढे आग्रा रोडवर माझा नेहमीचा ढाबा आहे तिथे गेलो. दुपारची वेळ, बाजा टाकलेल्या, नव्या-जुन्या गाड्यांची रांग लागलेली. नव्या गाडीबद्दल विचारलं की ड्रायव्हर लोक आधी एसीचं बोलत नाहीत. ते क्लचचं बोलतात. पंचविशी-तिशीतला एक जण म्हणाला, “भाऊ, कसारा घाट जॅममध्ये चढलो, गुडघा दुखला नाही.” ही दाद कुठल्याही परीक्षणात मी वाचलेली नाही. जुन्या गाडीचा क्लच म्हणजे पायानं उचलायचं वजन असायचं. घाटात वाहनं अडली की हाफ क्लचवर तासन्तास काढायचे आणि रात्री गुडघ्याला बाम चोळायचा. आता क्लच हलका, स्टिअरिंग हलकं, सीट हवेवर. चढणीला गाडी मागे सरकू न देणारी सोयही कितीतरी मॉडेलांत आहे. कमरेचा पट्टा लावून वर्षानुवर्षं गाडी ओढलेल्या माणसाला हे काय वाटत असेल, ते त्याच्या तोंडूनच ऐकावं.

तक्रारीही आहेत आणि त्या ऐकण्यासारख्या आहेत. एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या, तेव्हापासून ड्रायव्हरला डिझेलबरोबर युरियाचं पाणी सांभाळावं लागतं. ते संपलं किंवा एखादा सेन्सर बिघडला, की डॅशबोर्डवर लाइट पेटते आणि पुढे गाडी ओढायचीच बंद होते. धूर स्वच्छ करायची ही यंत्रणा आहे आणि ती हवीच. पण पूर्वी वाटेत गाडी रुसली तर पाना घेऊन खाली उतरता यायचं, डिझेलच्या पाइपात अडकलेली हवा काढून गाडी चालू करता यायची. आता लॅपटॉप घेऊन माणूस येईपर्यंत वाट बघत बसायचं. हातातली विद्या निरुपयोगी झाल्याचं दुःख जुन्या ड्रायव्हरांच्या बोलण्यात दिसतं. मला ते फार खरं वाटतं.

काच बंद ठेवण्याबद्दलही एका वयस्क ड्रायव्हरमामांनी सांगितलं. ते कानानं गाडी चालवतात. टायर फुटायच्या आधीचा आवाज, हवेची गळती, क्लीनरनं बाहेरून मारलेली थाप, ब्रेकचं लायनर तापल्याचा वास, हे सगळं उघड्या खिडकीतून आत येतं. म्हणून सेंधव्याकडचा बिजासन घाट उतरताना ते आजही काच खाली घेतात, एसी असो वा नसो. चढणीला तर एसी बंदच करतात, कारण तेवढीच ताकद इंजिनाला मिळते. असं बारीक ज्ञान गाडीच्या माहितीपत्रकात नसतं.

आणि कॅबिनची जागा! या मुद्द्यावर सगळी बाज एकदम बोलायला लागली. पूर्वी कंपनीतून नुसती चासी यायची, पुढचं तोंड आणि इंजिन तेवढं बसवलेलं. कॅबिन बॉडीवाला बांधायचा, लाकूड आणि पत्र्यात. ती रुंद असायची. मागे आडवी फळी, तिच्यावर गादी. दोघं झोपायचे, तिसरा पुढच्या सीटवर पाय मुडपून. देवाचा कोनाडा, कपड्यांचं कपाट, स्टोव्ह आणि पिठाचा डबा ठेवायची जागा, छताला रेक्झिनची नक्षी, काचेवर झालर. बॉडीवाल्यासमोर उभं राहून, कोनाडा इथे नको तिथे कर, असं सांगून ती करून घेतलेली असायची. इंजिनाचं झाकण मात्र कॅबिनच्या मधोमध आणि उन्हाळ्यात ते इतकं तापायचं, की डाव्या पायाची नडगी भाजून निघायची. अपघात झाला तर त्या लाकडी खोक्याचा चुरा व्हायचा, हेही त्याच मामांनी स्वतःहून सांगितलं. कारखान्यातली पोलादी कॅबिन अपघातात माणूस वाचवण्याच्या कसोटीला उतरवलेली असते. ती अरुंद असली तरी मी तिच्याच बाजूचा. पण आत झोपायला एकच जागा असेल, तर दोन ड्रायव्हर असलेल्या लांबच्या गाडीत दुसऱ्यानं काय करायचं, याचं उत्तर गाडी बनवणाऱ्यांनी द्यायला हवं. डबा आणि पाण्याचा जार ठेवायची जागाही त्यांनी विचारात घ्यायला हवी.

आता एसी. नव्या गाड्यांकडे बघितलं तर बहुतेकांच्या काचा खाली होत्या. बाहेर ऊन असं, की पत्र्याला हात लावता येत नव्हता. एसी आहे ना, मग? एकानं बोटानं डिझेलची टाकी दाखवली.

हिशेब असा असतो. मालक गाडीचं ॲव्हरेज ठरवून देतो. समजा लिटरला चार किलोमीटर. हजार किलोमीटरच्या फेरीला अडीचशे लिटर तेल मंजूर. एसी चालवून, घाट चढून, जॅममध्ये थांबून गाडीनं पावणेचारच दिलं, तर सोळा-सतरा लिटर जास्त लागतात. लिटरला नव्वद रुपये धरले तर पंधराशे रुपये झाले, आणि ते अनेक ठिकाणी ड्रायव्हरच्या भत्त्यातून कापले जातात. मग तो काच खाली घेतो. सरकारनं कॅबिनमध्ये एसी बसवला, पण तो चालवायचा खर्च ज्याची ऐपत सगळ्यात कमी, त्याच्या अंगावर राहिला. सगळे मालक असे नाहीत. उन्हाळ्यात ॲव्हरेज खाली धरणारे मालकही आहेत, आणि त्यांची नावं ड्रायव्हर आदरानं घेतात.

दुसरी गोष्ट झोपेची. गाडीतला एसी इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो. इंजिन बंद, की एसी बंद. आणि ड्रायव्हरचं उन्हात भाजणं चालत्या गाडीत जेवढं होतं, त्याहून जास्त उभ्या गाडीत होतं. माल भरायला थांबा, खाली करायला थांबा, कागदाला थांबा, हुंडेकऱ्याच्या फोनला थांबा. एमआयडीसीच्या कुठल्याही मोठ्या फाटकाबाहेर दुपारी जाऊन बघा. गाड्यांच्या रांगेत माणसं टायरच्या सावलीला, गाडीखाली सतरंजी टाकून पडलेली दिसतील. इंजिन चालू ठेवून आत झोपावं, तर नुसत्या उभ्या गाडीला तासाला दोनेक लिटर तेल लागतं. शिवाय नव्या गाडीत आणखी एक सोय आहे. इंजिन किती मिनिटं उगाच चालू होतं, ते मालकाला त्याच्या मोबाइलवर दिसतं. लगेच फोन येतो. आवाराच्या आत इंजिन बंद ठेवायचा नियम कंपनीचाही असतो.

हाच माणूस दुपारी असा पडून राहतो आणि रात्रभर गाडी चालवतो. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली झालेला जो कायदा नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता, त्यात दिवसाला आठ तास काम, आठवड्याला ४८ तास असं लिहिलं होतं. ढाब्यावर मी हे सांगितल्यावर कुणी काही बोललं नाही, दोघं उठून हात धुवायला गेले. काही महागड्या मॉडेलांत आता ड्रायव्हरला डुलकी आली की ओळखणारा कॅमेरा बसवतात. चांगलं आहे, जीव वाचेल. पण त्या डुलकीचं कारण आदल्या दुपारी फाटकाबाहेर घडलेलं असतं, आणि तिथे कुणी कॅमेरा लावत नाही.

तेव्हा गाडी बनवणाऱ्यांना माझं सांगणं असं, की इंजिन बंद असताना बॅटरीवर चालणारा छोटा कूलर झोपायच्या जागेला मुळातूनच द्या. तो वेगळा बसवून घेण्याइतके पैसे ड्रायव्हरकडे नसतात. परीक्षण लिहिणाऱ्यांनी पुढच्या वेळी माल भरलेली गाडी घ्या, शेजारी तिचा ड्रायव्हर बसवा आणि मे महिन्यात शिरपूरपर्यंत जाऊन या.

या सदराच्या वाचकांत गाडीमालक आहेत, त्यांची पत्रं मला येतात. त्यांना विनंती आहे. मार्च ते जून एसीचं तेल ॲव्हरेजच्या बाहेर धरा आणि तसं ड्रायव्हरला स्पष्ट सांगा. सांगितल्याशिवाय तो बटण दाबणार नाही. आणि कारखान्यांत, गोदामांत अधिकारावर असलेल्यांनी आपल्या फाटकाशी एक खोली द्यावी. पंखा, प्यायचं पाणी, संडास आणि आडवं व्हायला चार बाकं, एवढं पुरे. जूनपर्यंत थांबू नका, गरज आज आहे.