नोंदवहीतील ठेव

सार्वजनिक संस्था हे महाराष्ट्राच्या नागरी जीवनाचे भूषण आहे, असे आपण नेहमीच अभिमानाने म्हणत आलो आहोत. वाचनालये, व्यायामशाळा, वधूवर सूचक मंडळे, ज्येष्ठ नागरिक संघ, उत्सव मंडळे अशा असंख्य संस्था पुण्यासारख्या शहरात निरपेक्ष बुद्धीने काम करीत असतात. त्यांच्या दारी येणारा मनुष्य मोठ्या विश्वासाने आपले नाव, पत्ता, जन्मतारीख, भ्रमणध्वनीचा क्रमांक आणि प्रसंगी आपल्या आजाराची वा प्राप्तीची हकीकतही लिहून देतो. या माहितीचे पुढे काय होते, हा प्रश्न आजवर फारसा कोणी विचारला नाही. तो आता विचारलाच पाहिजे.

पूर्वी ही माहिती एका जाड नोंदवहीत असे, नोंदवही कपाटात असे आणि कपाटाची किल्ली चिटणीसांच्या खिशात असे. ही व्यवस्था कोणी फार विचारपूर्वक केलेली नव्हती. परंतु तिच्यातच एक स्वाभाविक मर्यादा होती. संगणकाने आणि भ्रमणध्वनीने ती मर्यादा पुसून टाकली. आता शेकडो नावांची यादी एका क्षणात व्हॉट्सॲपवरून हजार ठिकाणी जाते आणि एकदा गेलेली यादी परत बोलावता येत नाही. वधूवर मेळाव्याच्या परिचय पुस्तिकेचेच पाहा. मुलीचे छायाचित्र, उंची, शिक्षण, पगार, जन्मवेळ आणि घरचा क्रमांक हे सारे मेळाव्यास आलेल्या कुटुंबांसाठी असते. तीच पुस्तिका संगणकीय प्रतीच्या रूपाने हातोहात फिरू लागली, म्हणजे मुलीचे लग्न होऊन तिचा संसार सुरू झाला तरी तिची माहिती अनोळखी माणसांच्या हाती खेळत राहते. ज्येष्ठ नागरिकांच्या यादीची गोष्ट तर अधिक गंभीर आहे. वय, क्रमांक आणि ‘एकटे राहतात’ हा शेरा एवढे तीन रकाने ठकांच्या हाती पडले, की त्यांना आणखी शोध घेण्याचे कारण उरत नाही. ‘डिजिटल अटके’ची भीती घालून वृद्धांची आयुष्यभराची पुंजी लुबाडण्याचे प्रकार इतके वाढले, की २७ ऑक्टोबर २०२४ रोजी खुद्द पंतप्रधानांना आकाशवाणीवरून लोकांना सावध करावे लागले.

या विषयात आता कायदाही मुका राहिलेला नाही. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने निर्णय दिला, की खासगीपणा हा घटनेने दिलेल्या मूलभूत हक्कांचाच भाग आहे. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य बंधने अमलात येण्यास त्यांनी अठरा महिन्यांची मुदत दिली. कपाटातील कागदी नोंदवही या कायद्याच्या कक्षेत येत नाही. परंतु तीतील मजकूर संगणकात उतरविला, की येतो. माहिती कशासाठी हवी ते आधी सांगावे, त्या कामापुरतीच मागावी, काम संपल्यावर किंवा संमती काढून घेतल्यावर ती नष्ट करावी, असे हा कायदा सांगतो. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत तो पालकांची संमती आवश्यक मानतो. सुरक्षिततेची वाजवी तजवीज न केल्याबद्दलच्या दंडाची मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत आहे.

तथापि दंडाच्या आकड्यापेक्षा या कायद्यातील एक शब्द आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. माहिती गोळा करणाऱ्यास त्याने ‘डेटा फिड्युशियरी’ म्हटले आहे. फिड्युशियरी म्हणजे विश्वस्त. आपल्या संस्थांना ही कल्पना नवखी नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या संस्था देणगीच्या पैशाचा हिशेब ठेवतात, तो तपासून घेतात आणि धर्मादाय खात्याकडे पाठवितात. देणगीचा पैसा ही कार्यकारी मंडळाची मिळकत नव्हे, ती समाजाची ठेव आहे, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. मग माणसाने विश्वासाने दिलेली माहिती ही मात्र ठेव नव्हे काय? पाच रुपयांच्या वर्गणीची पावती फाडणारा चिटणीस पाचशे सभासदांची यादी एखाद्या विमा प्रतिनिधीस वा निवडणुकीच्या उमेदवारास सहज देऊन टाकतो, यात दुष्टपणा नसतो, हे आम्ही मान्य करतो. परंतु ठेवीचा अपहार हेतुपूर्वक झाला काय आणि गाफीलपणामुळे झाला काय, ठेवीदाराचे नुकसान सारखेच होते.

‘आमची संस्था लहान, कार्यकर्ते मोजके, आम्हांला हे सारे कसे झेपावे?’ असा आक्षेप घेतला जाईल. तो अगदीच अनाठायी आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु जे करावयाचे आहे ते खर्चाचे नसून शिस्तीचे आहे. वाचनालयाच्या वर्गणीदाराकडून आधारपत्राची प्रत घेण्याचे प्रयोजन काय? जे मागितलेच नाही ते सांभाळावे लागत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण येथे शब्दशः खरी आहे. अर्जावर ‘ही माहिती अमुक कामासाठी’ एवढी एक ओळ छापावी. यादी कोणापाशी राहील ते ठरावाने नक्की करावे. आणि दरवर्षी हिशेब तपासतात त्याच दिवशी जुन्या याद्याही तपासून निरुपयोगी झालेल्या नष्ट कराव्यात. धर्मादाय आयुक्तांनीही लहान संस्थांसाठी सोप्या मराठीत एक पानी नमुना काढावा, अशी आमची सूचना आहे. कायद्याने अशी सूचना राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील भाषांत मिळण्याचा हक्क नागरिकाला दिलेलाच आहे आणि त्या भाषांत मराठीही आहे.

येथे एक इशारा देणे प्राप्त आहे. खासगीपणाचे रक्षण हे संस्थाचालकांच्या कारभारावर पांघरूण घालण्याचे साधन होता कामा नये. याच कायद्याने माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील आठव्या कलमात बदल करून वैयक्तिक माहिती नाकारण्याची सवलत विस्तारली आहे, ही चिंतेची बाब आहे. सभासदाचा पत्ता गुप्त राहावा. संस्थेचा जमाखर्च उघडा राहावा. या दोहोंची अदलाबदल करणारे चालक कोणत्याही कायद्याला पुरून उरतील. त्यांच्यावर सभासदांनीच नजर ठेवली पाहिजे.

१८७० मध्ये याच शहरात सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हा सभासद होऊ इच्छिणाऱ्यास किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. सही करणाऱ्याने आपले नाव एका निश्चित कार्यासाठी दिलेले असे आणि घेणाऱ्यास त्या नावाची जबाबदारी वाटे. दीडशे वर्षांपूर्वी या शहराला जे समजत होते, ते संगणक आल्यामुळे विसरण्याचे कारण नाही. कायद्याची मुदत संपण्याची वाट न पाहता प्रत्येक संस्थेने आपले कपाट आणि आपला संगणक येत्या वार्षिक सभेपूर्वीच उघडून पाहावा. आणि प्रत्येक सभासदाने त्या सभेत उभे राहून विचारावे, की आम्ही दिलेली ठेव आज कोणापाशी आहे?